उजेड तिसऱ्या मजल्यावर

अक्काचं पत्र आलं ते मी दोनदा वाचलं आणि सावकाशीने उत्तर लिहू म्हणून शब्दकोशाच्या पहिल्या खंडात ठेवून दिलं. आमच्या घरात जी वस्तू हरवता कामा नये ती मी शब्दकोशात ठेवतो, कारण माझ्याशिवाय त्याला कोणी हात लावत नाही. अडचण एवढीच, की मी रोज लावतो. खंड उघडला की पत्र समोर येई. मग पहिल्या खंडातला एखादा शब्द अडला तरी मी तो अंदाजाने चालवून घ्यायला लागलो. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाने स्वतःवर ही वेळ आणावी, यावरून माझी अवस्था लक्षात यावी.

पत्र अक्काने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. अक्षरं बोराएवढी, आणि ओळी उजवीकडे जाता जाता खाली घसरलेल्या. मजकूर थोडका होता. 'पुस्तकातलं आता दिसत नाही. हाताने काढलेली मोठी अक्षरं दिसतात. सूनबाई दुपारी इस्पितळात कामाला जाते ती रात्री येते. दिवस कसाही जातो, संध्याकाळ जात नाही. तू येऊन वाचून दाखवशील का? आठवड्यातून एकदा आलास तरी पुष्कळ. जमणार नसेल तर तसं कळव. पण कळव.'

अक्का माझी थोरली बहीण. मला वाचायला तिनेच शिकवलं. आमच्या घरात पुस्तक एकच असायचं आणि ते तिचं असायचं. ती ते जमिनीवर ठेवून मोठ्याने वाचायची, मी समोर बसून ऐकायचो, आणि ऐकता ऐकता अक्षरं ओळखायला लागलो. अशा बहिणीला 'येतो' एवढी दोन अक्षरं लिहायला मला काय झालं होतं?

मला अंधार झाला होता. म्हणजे असं, की मला अंधारात गाडी चालवायची भीती वाटते. अक्काचं घर आमच्यापासून दोन तासांच्या वाटेवर. तिकडून येणारी शेवटची बस दिवेलागणीच्या आधी सुटते, म्हणजे नेमकी वाचन सुरू व्हायच्या वेळी. तेव्हा जायचं ते आपल्या गाडीने, आणि परतायचं ते अंधारातून. आमची गाडी जुनी आहे. तिचे दिवे रस्त्यावर उजेड पाडत नसत, उजेडाची नुसती आठवण करून देत.

मग रात्री तिथेच राहावं, असं कोणीही म्हणेल. बायको म्हणालीच. पण त्याला एक कारण होतं आणि ते मी कोणाला सांगत नसे. फार वर्षांपूर्वी मी अक्काकडे मुक्कामाला होतो. सकाळी चहाच्या वेळी, घरात पाहुण्यांची गर्दी असताना, भावोजी म्हणाले, "काल आपल्या गल्लीत रोडरोलर आला होता काय हो? रात्रभर चालू होता!" सगळे हसले. अक्काही हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार? पण त्यानंतर त्या घरात मी पाठ टेकली नाही. पुढे भावोजी वारले. त्या दिवशीसुद्धा मी शेवटच्या बसने परत आलो.

फोनचा प्रश्नच नव्हता. 'हॅलो' म्हटल्यावर माझ्यापाशी शब्द उरत नाहीत. अक्काला हे ठाऊक आहे, म्हणून तर तिने पत्र लिहिलं. फोनवर तिच्याशी बायको बोलते.

"अक्का विचारत होत्या, पत्र मिळालं का म्हणून," बायको सांगायची.

"मिळालं म्हण. उत्तर लिहितोय म्हण."

"तुमचं उत्तर तुम्ही द्या. मी काय तुमची पोस्टमन आहे?"

अशा परिस्थितीत मला पाणीसाहेब भेटले. ते आमच्या समोरच्या बिऱ्हाडात राहतात. पाणीपुरवठा खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आहेत, आणि जगातली कुठलीही अडचण शेवटी दाब कमी पडल्याने येते असं त्यांचं मत आहे. माझ्या गाडीचे दिवे त्यांनी वाकून पाहिले.

"दाब नाही," ते म्हणाले. "एचआयडी बल्ब टाका. पांढराशुभ्र उजेड. सरळ घरी बसवता येतो. मेकॅनिकच्या नादी लागू नका, मी आहे."

मला खरं तर नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायला जो एक क्षण मिळतो, तो मी नेहमी घसा साफ करण्यात घालवतो. दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात होतो.

"काका, रस्त्यावर सुई पडली तरी दिसेल," दुकानदार म्हणाला. मला सुई नको होती, रस्ता हवा होता. पण हे मी दुकानाबाहेर आल्यावर मनातल्या मनात म्हणालो.

खोक्यात दोन बल्ब, पत्र्याच्या दोन चपट्या डब्या, वायरींचं भेंडोळं आणि एक माहितीपत्रक होतं. त्या डब्यांना बॅलास्ट म्हणतात. बल्ब पेटायला विजेचा जो मोठा झटका लागतो तो त्या देतात, असं पत्रकात लिहिलं होतं. पत्रक मी त्या संध्याकाळी मन लावून वाचलं आणि त्यातल्या छपाईच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या. कामाला सुरुवात झाल्यासारखं वाटलं.

"एवढ्या वेळात चार पत्रं लिहून झाली असती," बायको म्हणाली.

"पत्रात काय लिहू? आधी उजेड तर पडू दे."

रविवारी सकाळी इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही बॉनेट उघडलं. पाणीसाहेब हाफ पँट घालून आले होते, त्यामुळे मला माझ्या घडीच्या पायजम्याची लाज वाटली. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी पत्रक बॅटरीवर पसरलं आणि त्यावर पाना ठेवला. त्यांचा चष्मा घरी राहिला होता. तेव्हा वाचायचं मी आणि करायचं त्यांनी, अशी वाटणी झाली. ती पहिल्या स्क्रूपर्यंत टिकली. त्यांचा हात आत जाईना. माझा गेला. त्यानंतर वाचायचंही मी, करायचंही मी, आणि ते देखरेख करायला लागले.

बंपर काढावा लागतो हे पत्रकात नव्हतं. तो काढताना एक प्लास्टिकची खुंटी तुटली आणि 'टक्' असा आवाज करून इंजिनाच्या पोटात कुठेतरी गेली. ती अजून आत आहे. बल्बच्या काचेला बोट लावू नये, बोटाच्या तेलाने काच तडकते, असं मी मोठ्याने वाचलं. "कुठल्या काचेला? हिला का?" म्हणून पाणीसाहेबांनी दोन्ही बल्बांना बोट लावलं. मग काच पुसायला स्पिरिट हवं झालं. ते घेऊन तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य खाली आले आणि तिथेच रेंगाळले. उघड्या बॉनेटमध्ये त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"जुने बल्ब चांगले शाबूत आहेत की," ते म्हणाले. "आम्ही सहसा असं काही उपटत नाही."

"डॉक्टर, हे तोंड नव्हे," पाणीसाहेब म्हणाले.

बल्बच्या बुडाला एक खाच होती. चित्रात ती खाली दाखवली होती. मी तशी धरली तर बल्ब बसेना. पुन्हा चित्र पाहिलं, पुन्हा धरला. बसेना.

"कानस आणा," पाणीसाहेब म्हणाले. "आमच्या खात्यात न बसणारा एकही पाइप आम्ही परत पाठवला नाही."

मी कानस आणली. बल्बचं बूड घासता घासता माझ्या मनात आलं, की ज्या कारखान्याने हा बल्ब केला त्याला माझ्यापेक्षा थोडं जास्त कळत असणार. पण माझ्या मनात असं काही आलं की ते बहुधा चुकीचं असतं, असा माझा जुना अनुभव आहे. म्हणून मी घासत राहिलो. बल्ब बसला. काम संपलं तेव्हा दोन स्क्रू उरले होते. "कंपनी जास्तच देते," असं म्हणून पाणीसाहेबांनी ते माझ्या खिशात टाकले.

संध्याकाळी उद्घाटन झालं. इमारतीतली माणसं येऊन उभी राहिली. मी आत बसून बटण दाबलं. आधी काहीच झालं नाही. मग दिव्यांत जांभळट काहीतरी हललं, ते निळं झालं, आणि बघता बघता इतका पांढरा उजेड फुटला की मंडळींनी टाळ्या वाजवल्या. रस्त्यावर मात्र पूर्वीसारखाच काळोख होता. उजेड कुठे गेला हे आधी कोणाला कळेना. मग सगळ्यांनी माना वर केल्या.

तिसऱ्या मजल्यावर दंतवैद्यांचं कुटुंब जेवायला बसलं होतं. एकेक घास दिसत होता. त्यांच्या सासऱ्यांनी तर पकडले गेल्यासारखे दोन्ही हात वर केले. त्याच वेळी आमच्या घरातून बायकोची हाक आली, "अहो, रेडिओतल्या बातम्या गुणगुणायला लागल्या!" ही त्या पत्र्याच्या डब्यांची कृपा. दिवे लावले की आमच्या जिन्यावरचा प्रत्येक रेडिओ मधमाश्यांचं पोळं व्हायचा.

"नाक वर आहे," पाणीसाहेब गाडीकडे बघत म्हणाले. "पुढे वजन टाका, उजेड आपोआप खाली येईल."

माझ्या घरात वजनदार म्हणावं असं एकच काही आहे. मी शब्दकोशाचे सगळे खंड खाली आणले आणि पुढच्या सीटवर, सीटखाली, जागा मिळेल तिथे रचले. उजेड खरोखरच खाली आला. तो दुसऱ्या मजल्यावर, आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीबाईंच्या घरी गेला. सकाळी फळ्यावर सूचना लागली, 'वाहनधारकांनी आपल्या दिव्यांचा रोख इतरांच्या घरात ठेवू नये.' नाव कोणाचं नव्हतं. मी ती सवयीने तपासली. एकही चूक सापडली नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

आता शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एक कल्पना शिरली होती. उत्तर लिहायला इतका उशीर झाला होता, की आता उत्तरात आधी उशिराचं कारण लिहावं लागलं असतं. त्यापेक्षा एका संध्याकाळी आपण स्वतःच अक्काच्या दारात उभं राहावं. पुस्तक हातात. बोलायला नकोच, एकदम वाचायलाच सुरुवात करायची. मी पुस्तकसुद्धा निवडून ठेवलं. शनिवारी दुपारी निघायचं ठरवलं, पण पाणीसाहेबांनी ऐन वेळी खंड पुढून मागे आणि मागून पुन्हा पुढे करायला लावले, आणि निघेपर्यंत ऊन उतरलं.

गावाबाहेर पडलो आणि दिवे लावले. माझ्यासमोरचा रस्ता काळा, आणि रस्त्याकडेच्या झाडांचे शेंडे दुधात न्हालेले. समोरून येणारी प्रत्येक गाडी दिवे उघडझाप करून मला काहीतरी सांगत होती. मला वाटलं, लोक किती सौजन्याने वागतात. मीही उघडझाप करून उत्तर दिलं. मग एक ट्रक कचकन थांबला. त्याचा ड्रायव्हर डोळ्यांवर आडवा हात धरून खाली उतरला आणि त्याने मला जे ऐकवलं, त्यातले निम्मे शब्द आमच्या शब्दकोशात नाहीत.

पुढच्या चौकात वाहतूक पोलिसाने अडवलं.

"आजोबा, विमान उतरवायचंय का?"

"नाही. बहिणीकडे जायचंय."

"मग आज नाही जायचं. दिवे बंद करा, माझ्या मोटारसायकलच्या मागे मागे चौकीपर्यंत चला, आणि सोमवारी वाहन तपासणी कार्यालयात हजर व्हा."

बायको रिक्षा करून मला न्यायला आली. चौकीतल्या बाकावर मी मांडीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. तिने ते उचलून पिशवीत टाकलं. रागावली असती तर बरं झालं असतं. त्या वेळी अक्काकडे दिवा लागला असेल आणि ती एकटीच बसली असेल, एवढंच मला सारखं दिसत होतं.

सोमवारी गाडी चौकीतून सोडवून तपासणी कार्यालयात नेली. साहेबांनी खाली येऊन दिवे पाहिले, पुढची सीट पाहिली.

"हे काय?"

"शब्दकोश."

"गाडीत कशाला?"

"वजनाला."

 साहेबांनी पहिला खंड उचलून पाहिला तेव्हा त्यातून अक्काचं पत्र खाली पडलं. ते त्यांनी उचलून न वाचता माझ्या हातात दिलं. मग वर टेबलापाशी रांगेत माझा नंबर आल्यावर त्यांनी माहितीपत्रक मागितलं आणि ते आपल्या पुढ्यात पसरलं.

"खाच कुठे बसवलीत?"

"इथे सांगितलंय तशीच," मी म्हणालो आणि टेबलाच्या अलीकडून तो परिच्छेद त्यांना घडाघडा वाचून दाखवला.

ते माझ्याकडे बघत राहिले. "आजोबा, तुम्ही हे उलटं वाचताय."

"हो. मला तसं येतं. मुद्रितं तपासायच्या आधी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो. खिळ्यांतली ओळ उलटीच वाचावी लागते."

"आणि बल्ब बसवताना हा कागद कसा होता?"

मी आठवून पाहिलं. बॅटरीवर पसरलेला, पाणीसाहेबांनी ठेवलेला, वरचं टोक माझ्याकडे. कागद सुलटा आहे की उलटा, हे माझ्या ध्यानातच येत नाही. अक्षरांच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. चित्राच्या बाबतीत बिघडलं होतं. जी खाच मला खाली दिसली, ती वर हवी होती. न बसणारा बल्ब मला तेच सांगत होता आणि मी त्याला कानशीने गप्प केलं.

"सुलटा बसवला असतात तरी चाललं नसतं," साहेब म्हणाले. "हा दिवा जुन्या बल्बासाठी केलाय. त्यात हा घातला की उजेड वाटेल तिकडे फाकतो आणि समोरचा आंधळा होतो. काढून टाका आणि काढल्याची नोंद करून घ्या."

"बरं. करा नोंद."

"काढल्याची नोंद करायला आधी बसवल्याची नोंद लागते."

"मग ती करा."

"बसवायची परवानगीच नाही, तर नोंद कशी करणार?"

 त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण या वयात हे सुचलं कसं तुम्हाला?"

"बहीण एकटी असते. संध्याकाळी तिला वाचून दाखवायचंय. परतताना अंधार होतो."

"मग राहायचं की तिथंच."

खरं सांगतो, मी घसा साफ करायला लागलो होतो. पण चौकीतला बाक, ट्रकवाल्याचे शब्द, सासऱ्यांचे वर गेलेले हात, सगळं एकदम घशाशी आलं, आणि मी ओरडलोच. "मी घोरतो!"

कार्यालयातला टंकलेखन यंत्राचा आवाज थांबला. माझ्या मागे उभा असलेला एक जाडजूड ट्रकमालक म्हणाला, "अहो काका, मी घोरतो तर शेजारच्या ट्रकमधला माणूस उठून दुसरीकडे जातो. कोण विचारतंय!"

"घोरण्याबद्दल आमच्या खात्याचं काही म्हणणं नाही," साहेब म्हणाले. "पुढचे कोण?"

अक्काकडे न राहण्याचं जे कारण इतकी वर्षं मी बायकोपासूनही लपवलं, ते अनोळखी माणसांच्या रांगेत बोलून गेलो आणि कोणाला त्याचं काहीच वाटलं नाही. जिना उतरताना प्रथमच मनात आलं, भावोजींनाही त्या सकाळी काही वाटलं नसावं. चहाच्या आधी काहीतरी बोलायचं म्हणून ते बोलले असतील.

घरी आलो तर बायको फोन ठेवून तशीच उभी होती.

"सूनबाईचा होता. अक्कांना आता मोठी अक्षरंही दिसत नाहीत. उजेड आणि अंधार तेवढा कळतो." तिने फोनची वायर सरळ केली. "तरी रोज विचारतात म्हणे, पत्र आलं का."

 तिच्या पत्रासारखंच बोराएवढ्या अक्षरांत उत्तर लिहायचं, असं मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. जाड निबाचं पेनही आणून ठेवलं होतं. ते खोक्यात कोरंच राहिलं, आणि तेवढ्या दिवसांत मी तिसरा मजला, दुसरा मजला, झाडांचे शेंडे, नको तिथे सगळीकडे उजेड पाडून आलो होतो.

"फोन लावून देऊ?" बायकोने विचारलं.

"नको. तिने पत्र मागितलंय."

टेबलाशी बसलो. जाड पेनच घेतलं. कोणाला दिसणार नव्हतं, तरी अक्षरं मोठीच काढली.

'ती. अक्कास, तुझं पत्र मिळालं होतं. हे उत्तर तू स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला हवं होतंस. ते सूनबाईला वाचून दाखवावं लागतंय, ही चूक माझी. शनिवारी दुपारच्या बसने येतो. रात्री राहतो. दर शनिवारी येईन. मी घोरतो, हे सूनबाईला सांगून ठेव. ती हसली तरी चालेल. पुस्तक तुझ्याच हातात असू दे, तुझ्याकडे तोंड करून. मी पूर्वीसारखा समोर बसेन. मला तिकडून वाचता येतं.'

बायकोने पाकीट हातात घेऊन पाहिलं. "पत्ता तरी सुलटा लिहिलात ना?" तिने विचारलं आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत मी चालत गेलो. वाटेत पाणीसाहेब भेटले. जुने बल्ब परत बसवायचे असतील तर त्यांच्याकडे एक युक्ती होती. घसा साफ न करता मी नको म्हणालो. मग पेटीपाशी उभा राहिलो, पाकीट आत सोडलं, ते तळाशी पडल्याचं ऐकलं. आणि सवयीने, पेटीच्या फटीत हात घालून ते परत काढता येतं का, तेही पाहिलं.

येत नाही.